औषधालयातील खरेदी-देयकांची संगणकीय पडताळणी



चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्याच्या खालोखाल द्रव्याची गणना होते. द्रव्याचे रूप, गंध, वीर्य आपण काटेकोरपणे पाहतो. परंतु ज्या देयकाबरोबर ते औषधालयात येते, ते देयक मात्र बहुतेक ठिकाणी बेरीज पाहून फाइलीत लावले जाते. अलीकडे हिशेबाच्या अनेक संगणक प्रणालींमध्ये खरेदीची बिले आपोआप तपासण्याची सोय असते. ती आपल्या औषधालयात बसवताना कोणती पथ्ये पाळावीत, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

या पडताळणीचे मूळ तत्त्व साधे आहे. आपण काय मागविले ते मागणीपत्र, प्रत्यक्षात काय आले ती आवक नोंद, आणि वितरकाने काय आकारले ते देयक, या तिन्ही गोष्टी संगणक एकमेकींशी ताडून पाहतो व जेथे मेळ बसत नाही तेथे देयक अडवून ठेवतो. मात्र या तिन्ही नोंदी परस्परांहून स्वतंत्र असल्या पाहिजेत. व्यवहारात नेमकी येथेच चूक होते, आणि ती मीही केली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या औषधालयात आसवारिष्टांच्या बाटल्या मोजदादीत वारंवार कमी भरू लागल्या. औषध देणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या काळापासूनचे. मी त्यांना उघड काही बोललो नाही. परंतु कपाटाची किल्ली माझ्याकडे घेतली आणि ते त्यांना समजायचे ते समजले. पुढे संगणकीय पडताळणी सुरू केली, तरीही सर्व देयके निर्दोषच ठरत होती. कारण आवक नोंद आम्ही खोके न मोजता देयकावरूनच उतरवीत होतो. देयकात ‘१० + १’ अशी योजना असे, खोक्यात बाटल्या १० येत आणि अकरावी ‘पुढील खेपेस’ राही. संगणक देयकाची तुलना त्याच देयकाच्या नकलेशी करीत होता! ज्या दिवशी देयक बाजूला ठेवून आधी माल मोजला, त्या दिवशी तूट सापडली. किल्ली मी त्यांना परत दिली; क्षमा मागण्यास मात्र आणखी चार दिवस लागले.

म्हणून पहिला नियम असा की, आवक नोंद करणाऱ्याच्या हाती त्या वेळी देयक असू नये. त्याने नग, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख व वापरमुदत वेष्टनावरूनच टिपावी. ‘मोफत’ नगांसाठी वेगळा रकाना ठेवावा. आवक नोंद व रक्कम चुकती करण्याची अनुमती ही दोन कामे शक्यतो एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत. औषधालयात दोनच माणसे असली तरी एवढे जमते.

दुसरे काम द्रव्यसूचीचे. सर्वाधिक वेळ यातच जातो. एक वितरक ‘गुडूची’ लिहितो, दुसरा ‘गुळवेल’, तिसरा ‘अमृता’. त्यातही चूर्ण, घनवटी व सत्त्व हे निरनिराळे कल्प. शिवाय ६० गोळ्यांची डबी एकाच्या देयकात ‘१ नग’ असते, तर दुसऱ्याच्या ‘६०’. प्रत्येक कल्पास निर्माता, स्वरूप व वेष्टनपरिमाण यांसह एकच संकेतांक द्यावा आणि वितरकांची नावे त्या संकेतांकाशी जोडावीत. हे काम संगणकाच्या माणसावर सोपवू नये. चूर्ण आणि सत्त्व यांतील भेद त्यास कोठून ठाऊक असणार?

दरातील किती फरक क्षम्य मानावा, हेही प्रणालीस सांगावे लागते. सर्वांस एकच मर्यादा लावणे अयोग्य होय. सुवर्णकल्पांचे दर सोन्याच्या भावाबरोबर हलतात. त्यांसाठी ताजे दरपत्रक हाच आधार घ्यावा. वजनाने घेतलेल्या काष्ठौषधींत आर्द्रतेमुळे थोडी घट येतेच. चूर्ण-वटींच्या बाबतीत मात्र मर्यादा अगदी अल्प ठेवावी.

कराच्या दरांचा तक्ता तारीखवार हवा. शास्त्रोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या ग्रंथोक्त औषधांवर ५ टक्के व पेटंट औषधांवर १२ टक्के, असा भेद पूर्वी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोहोंवर ५ टक्केच आकारणी आहे. परंतु त्यापूर्वीच्या खरेदीतील माल परत गेल्यास क्रेडिट नोट जुन्या दराची असू शकते; केवळ नवा दर भरलेली प्रणाली तीस चूक ठरवील.

मोठ्या पुरवठादारांच्या ई-देयकावर क्यूआर संकेत असतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असलेल्यांस ई-देयक १ ऑगस्ट २०२३ पासून अनिवार्य आहे. या संकेतातून दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, देयक क्रमांक, दिनांक, एकूण रक्कम व बाबींची संख्या समजते. प्रत्येक औषधाचा दर मात्र त्यात नसतो. म्हणजे देयक खरे आहे एवढे कळते, बरोबर आहे की नाही ते कळत नाही. कागदी देयकाचे छायाचित्र वाचणाऱ्या प्रणाली शून्य व ‘ओ’, तसेच आठ व ‘बी’ यांत गल्लत करतात; बॅच क्रमांक डोळ्यांनी पाहावाच. तेच देयक दुसऱ्यांदा आल्यास ओळखता यावे, यासाठी क्रमांकातील तिरप्या रेघा व आरंभीची शून्ये वगळून तुलना करण्याची सूचना प्रणालीस द्यावी.

करवजावट घेणाऱ्या औषधालयांनी महिन्यातून एकदा आपली देयके जीएसटीआर-२बी शी ताडावीत. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या विवरणात न दाखविलेल्या देयकाची वजावट मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून देयके स्वीकारण्याची वा नाकारण्याची सोय जीएसटी पोर्टलवर आली आहे; तेथे काहीच न केल्यास देयक स्वीकृत मानले जाते. वैद्यांची चिकित्सासेवा करमुक्त व औषधविक्री करपात्र असल्याने वजावटीची विभागणी करावी लागते. पशुचिकित्सालयांपुढेही हाच प्रश्न असतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांस वजावट नसली तरी नग व दर यांची पडताळणी त्यांनाही तितकीच उपयोगी आहे.

आरंभी एक महिना हाताची तपासणी व संगणकाची तपासणी दोन्ही चालू ठेवावी. पहिल्या आठवड्यात बरीचशी देयके अडतील. त्यातील बहुतेक दोष द्रव्यसूचीतील नावांचे असतात. ते दुरुस्त झाल्यावर जी उरतील, त्यांविषयी वितरकास त्याच दिवशी लेखी कळवावे आणि आलेले उत्तर देयकासोबत जोडून ठेवावे.