घराजवळचं खवले मांजर : ओळखायचं कसं, जपायचं कसं?



आमची शाळा कोकणातल्या एका वाडीत आहे. मागच्या वर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या काजूच्या बागेतलं वारूळ रात्रीत कुणीतरी फोडलंय!" मला वाटलं, रानडुक्कर असेल. पण जाऊन पाहिलं तर डुकरासारखी सगळी जमीन उकरलेली नव्हती. वारुळातच एक खोल भोक पाडलं होतं आणि बाजूला ताज्या मातीचा ढीग होता. मुलाचे आजोबा म्हणाले, "खवले मांजर येऊन गेलं."

नावात मांजर असलं तरी हा प्राणी मांजराच्या कुळातला नाही. अंगभर खवले असलेला हा सस्तन प्राणी आहे. ते खवले आपल्या नखा-केसांसारख्याच केराटिनचे बनलेले असतात. त्याला दात नसतात. लांब, चिकट जिभेने तो मुंग्या आणि वाळवी टिपतो. म्हणजे बागायतदाराचा फुकटचा राखणदारच! मादीला साधारणपणे एका वेळी एकच पिल्लू होतं. म्हणून एक प्राणी मारला गेला तरी ती उणीव लवकर भरून निघत नाही.

तो रात्री फिरतो, त्यामुळे सहसा दिसत नाही. पण मुलांना या खुणा शोधायला शिकवता येतात :

१. वारुळाला नुकतंच पाडलेलं खोल भोक.
२. ओल्या मातीत नखांचे ओरखडे आणि कधीकधी शेपूट घासल्याची रेघ.
३. उतारावर किंवा दगडांच्या आडोशाला खोल बीळ.

खुणा दिवसाच पाहाव्यात आणि मोठं माणूस सोबत असावं. बिळात किंवा वारुळात हात, काठी घालू नये, कारण तिथे साप असू शकतो. धूर तर कधीच करू नये.

आता महत्त्वाची गोष्ट. त्या मुलाच्या दादाने वारुळाचा फोटो गावाच्या नावासकट स्टेटसला टाकला होता. आम्ही तो लगेच काढायला लावला. खवले मांजर घाबरलं की अंगाचा गोळा करून पडून राहतं. त्या गोळ्यापुढे बिबट्याचंही सहसा काही चालत नाही, पण माणूस तो सरळ उचलून पोत्यात घालतो! खवल्यांत औषधी गुण असल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी त्या समजुतीपायी त्यांची तस्करी होते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. 2016 मध्ये खवले मांजराच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला.

म्हणून आमच्या वर्गाने 'खुणांची वही' सुरू केली. तीत तारीख, वेळ, खूण आणि चित्र असतं, पण जागेचं नाव नसतं. प्राणी जखमी किंवा अडकलेला दिसला, तर गर्दी न जमवता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवायचं, हे मुलांना पाठ आहे.

खरं सांगायचं तर मी स्वतः अजून खवले मांजर पाहिलेलं नाही. परवा तोच मुलगा कानाशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, ते परत येऊन गेलं. कुणाला सांगितलं नाही हं!" परिसर अभ्यासाचा धडा याहून चांगला कसा समजणार?