होकार देण्यापूर्वी

“मिळाले ना? मग घेऊन टाक!” प्रवेशाच्या वेळी आपल्यापैकी अनेकांच्या घरांत हे वाक्य उच्चारले जाते. आमच्याही घरी उच्चारले गेले. यादीत माझे नाव लागले आणि त्याच दिवशी वडिलांनी फी भरली. विषय कोण शिकवणार, ग्रंथालय कसे आहे, पुढे वाट कोणती, हे विचारायचे असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे अमेरिकेतील विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश कसा मिळतो हे वाचू लागले, तेव्हा सर्वांत नवल वाटले ते प्रवेश मिळाल्यानंतरच्या काही आठवड्यांचे. त्या आठवड्यांत परीक्षा विद्यार्थ्याची नसते. विद्यार्थ्याने विद्यापीठाची घ्यायची असते.

प्रथम तेथील पद्धत पाहू. बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात आणि उत्तरे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. एम.ए. झालेले असणे ही तेथे सहसा सक्तीची अट नसते. अभ्यास साधारणपणे पाच ते सहा वर्षांचा. चांगल्या विभागांत निवडलेल्या विद्यार्थ्याला बहुधा शिक्षणशुल्क माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते. त्याच्या बदल्यात त्याने काही सत्रे पदवीच्या वर्गांना शिकविण्यात किंवा प्राध्यापकांच्या संशोधनात साहाय्य करायचे असते. एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन ठिकाणांहून होकार येऊ शकतो. ‘काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या संस्थेचा एक ठराव आहे. ज्या विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या आहेत, त्यांच्या आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. म्हणजे विचार करायला वेळ मिळतो, आणि तो हक्काचा असतो. मार्चमध्ये अनेक विभाग निवडलेल्यांना भेटीला बोलावतात. जे दूरदेशी आहेत त्यांच्याशी संगणकाच्या पडद्यावरून बोलतात.

मग विचारायचे काय?

पहिला प्रश्न पैशाचा, आणि तो विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. पैशातील वेतन आणि वास्तव वेतन यांतील फरक आपण पाठ्यपुस्तकात शिकलोच आहोत. न्यूयॉर्क किंवा बोस्टनमधील मोठ्या विद्यावेतनाचा बराच भाग घरभाडेच गिळून टाकते. मॅडिसनसारख्या लहान शहरात त्याहून कमी रक्कमही अधिक पुरू शकते. म्हणून रक्कम नेहमी घरभाड्याच्या शेजारी ठेवून वाचावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत वेतन मिळते का, आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरतो, हेही विचारावे. परदेशी विद्यार्थ्याला एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातही आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. तेव्हा ‘कमी पडले तर बाहेर काहीतरी करू’ हा आपला नेहमीचा हिशेब तेथे चालत नाही.

रकमेइतकीच महत्त्वाची आहे मुदत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पैशांची जुळवाजुळव करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. एवढ्या बुद्धिमान विद्यार्थ्याची मधली तीन वर्षे मुदतीने खाल्ली! म्हणून वेतन किती वर्षे मिळणार, त्याची लेखी हमी आहे का आणि ते कोणत्या कारणाने बंद होऊ शकते, हे पत्रात शोधावे. तेथे नसेल तर विचारावे.

दुसरा प्रश्न पहिल्या वर्षाचा. त्या वर्षी सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र, समग्रलक्षी अर्थशास्त्र आणि अर्थमिती हे तीन विषय गणिताच्या भाषेत शिकवले जातात आणि बऱ्याच ठिकाणी वर्षाअखेर त्यांची मोठी परीक्षा असते. नापास झालेल्यास दुसरी संधी मिळते, की एम.ए. देऊन घरी पाठवतात? दहाजण आत आले तर पीएच.डी. घेऊन किती बाहेर पडतात? विभागाचा खरा स्वभाव या उत्तरांतून कळतो.

तिसरा प्रश्न मार्गदर्शकाचा. एका प्रसिद्ध नावावर भाळून जाऊ नये. ते प्राध्यापक दुसरीकडे जातील, निवृत्त होतील किंवा त्यांना वेळच नसेल. आपल्या आवडीच्या विषयात काम करणारे निदान दोघे-तिघे तेथे असावेत. ते विद्यार्थ्यांना किती वेळा भेटतात, कच्चा मसुदा वाचतात का, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यांना एकांतात विचारावे. मार्गदर्शकाने आपल्याशी सहमत असावे असेही नाही. बाबासाहेबांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपले मतभेद स्पष्ट नोंदवले आणि तरीही विचारांतील ताजेपणाची प्रशंसा केली. असा गुरू मिळणे हे भाग्यच.

चौथा प्रश्न पुढील नोकरीचा. अनेक विभाग आपले विद्यार्थी कोठे लागले याची यादी प्रसिद्ध करतात. ती वाचताना वरची दोन झळाळती नावे न पाहता पाच-सहा वर्षांची सबंध यादी पाहावी. आपल्याला महाविद्यालयात शिकवायचे आहे, की मध्यवर्ती बँकेत वा जागतिक बँकेत काम करायचे आहे, त्याप्रमाणे ती तपासावी.

आणि विभागाची क्रमवारी? तिला अर्थ नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. अर्थशास्त्रात विभागाचा लौकिक नोकरीच्या वेळी फार उपयोगी पडतो. दोन विभागांच्या क्रमांकांत मोठे अंतर असेल तर वरच्याचा विचार आधी करावा. पण अंतर दोन-चार क्रमांकांचेच असेल तर निकाल वरील चार प्रश्नांनीच लावावा.

एक कर्तव्यही आहे. जेथे आपण नक्की जाणार नाही, तेथे लवकर नकार कळवावा. आपण उगाच अडवून ठेवलेल्या जागेसाठी प्रतीक्षायादीत कोणीतरी ताटकळत असते, आणि कदाचित त्याच्याकडे दुसरा होकारच नसतो.

विद्यार्थिमित्रहो, हे प्रश्न केवळ परदेशापुरते नाहीत. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत किंवा पुण्याच्या गोखले संस्थेत जाणाऱ्यानेही असेच प्रश्न विचारावेत. आपल्याला प्रवेश म्हणजे कोणीतरी केलेले उपकार वाटतात, आणि उपकारकर्त्याला प्रश्न कसे विचारायचे, म्हणून आपण गप्प बसतो. पण तेथे आयुष्याची पाच-सहा वर्षे आपली जायची असतात.

दरवर्षी १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही मुदत संपते, हा योगायोग मला विसरता येत नाही. माझे नाव कधी अशा यादीत लागेल की नाही, कोण जाणे. पण लागलेच, तर वडील नेहमीप्रमाणे “घेऊन टाक” म्हणतील, आणि मी म्हणेन, “थांबा बाबा, आधी चार प्रश्न विचारून घेते.”