संगणकीय नोंदींचे कुलूप : ते अडते का आणि सोडवावे कसे?

रत्नागिरी जिल्ह्यातील जमीन डोंगरउतारावरची, लहान लहान तुकड्यांत विभागलेली आणि पुष्कळदा अनेक सहहिस्सेदारांच्या नावे असलेली आहे. एकाच सात-बारा उताऱ्यावर गावातील व मुंबईतील भाऊबंदांची नावे एकाखाली एक आढळणे, ही कोकणात नित्याची बाब होय. साहजिकच एकाच गटासंबंधी वारसनोंद, खरेदीखत आणि कर्जाचा बोजा असे निरनिराळे व्यवहार एकाच सुमारास नोंदीसाठी येऊ शकतात.

पूर्वी फेरफार नोंदवही तलाठ्याच्या दप्तरात असे. वही एक आणि लेखणीही एक, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी लिहिण्याचा प्रश्न उद्भवत नसे. आता अधिकार अभिलेख संगणकावर आले आहेत. रेल्वेचे आरक्षण, बँकेची खाती आणि पंचायतीचे हिशेब यांचीही तीच स्थिती आहे. वही एकच राहिली, लेखण्या मात्र अनेक झाल्या. या लेखण्यांना शिस्त लावणारी योजना म्हणजे संगणकीय नोंदींचे ‘कुलूप’ होय.

हरवलेली नोंद

समजा, एका गटाचे क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. त्यातील २० आर एकाने व ३० आर दुसऱ्याने विकत घेतले. दोन मेजांवरील दोन कर्मचाऱ्यांनी हा उतारा एकाच क्षणी उघडला. दोघांनाही १२० आर दिसले. पहिल्याने २० वजा करून १०० लिहिले. दुसऱ्याने ३० वजा करून ९० लिहिले. अखेरची नोंद ९० आरची राहिली. वास्तविक ती ७० आरची हवी होती. दोघांचेही गणित बिनचूक असताना पहिला व्यवहार क्षेत्रातून नाहीसा झाला. असा दोष ध्यानी येईपर्यंत वर्षे लोटतात आणि मग भावाभावांत दावे सुरू होतात.

यावरील उपाय असा की, पहिल्याने बदल करण्यासाठी नोंद घेताच तिला कुलूप लागावे, त्याचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे आणि मग दुसऱ्याला बदललेला आकडा दिसावा. एका कामाचे सर्व टप्पे मिळून एक ‘व्यवहार’ मानला जातो. तो संपूर्ण पार पडतो, नाहीतर संपूर्ण रद्द होतो. अर्धवट राहत नाही.

ही कल्पना कोकणवासीयांना नवी वाटू नये. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर उक्षी व भोके या स्थानकांदरम्यान करबुडे येथे सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. एक गाडी त्या टप्प्यात असताना समोरून दुसरी सोडली जात नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास संगणकातील अशा नियंत्रणाची योजना मांडली, तेव्हा तिला ‘सेमाफोर’ हे रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलचेच नाव दिले.

परस्पर कोंडी

कुलपामुळे एक संकट टळते, पण दुसरे उभे राहू शकते. गट क्रमांक ४१ व ५७ यांच्याशी संबंधित दोन व्यवहार चालू आहेत असे मानू. पहिल्याने ४१ ला कुलूप लावले असून त्याला ५७ हवा आहे. दुसऱ्याने ५७ ला कुलूप लावले असून त्याला ४१ हवा आहे. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. यालाच ‘डेडलॉक’ अर्थात परस्पर कोंडी म्हणतात.

आधुनिक डेटाबेस प्रणाली ही कोंडी स्वतः ओळखतात. पोस्टग्रेस-एसक्यूएल या प्रणालीत कुलपासाठी एक सेकंद वाट पाहून झाली की कोंडीचा तपास सुरू होतो. ही मुदत बदलता येते. कोंडी आढळल्यास एक व्यवहार रद्द केला जातो व दुसरा पुढे जातो. रद्द झालेला व्यवहार पुन्हा आरंभापासून चालविण्याची तरतूद मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याने केलेली असली पाहिजे.

कोंडी होऊच नये यासाठीचा नियम अगदी साधा आहे : सर्वांनी कुलपे एकाच क्रमाने लावावीत. लहान क्रमांकाचा गट आधी, मोठा नंतर, हे एकदा ठरले की ४१ साठी थांबलेल्याच्या हाती ५७ असणारच नाही.

अडकलेले कुलूप

याहून नेहमी आढळणारी अडचण वेगळी आहे. एखादा व्यवहार सुरू होतो, नोंदीला कुलूप लागते आणि काम तेथेच राहते. कर्मचारी पडदा उघडा ठेवून उठून जातो किंवा पावसाळ्यात वीज वा दूरसंचार जोडणी खंडित होते आणि मुख्य संगणकाला त्याचा पत्ता काही काळ लागत नाही. मागे रांग वाढत जाते. येथे कोंडी नसते, केवळ खोळंबा असतो. म्हणून कोंडी शोधणारी व्यवस्था येथे उपयोगी पडत नाही.

अशा वेळी घाईने संपूर्ण यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करणे इष्ट नव्हे. त्यामुळे इतरांची चालू कामेही रद्द होतात आणि मूळ कारणाचा मागही पुसला जातो. तंत्रज्ञाने प्रथम कोण कोणासाठी थांबले आहे ते पाहावे, रांगेच्या मुळाशी असलेला व्यवहार शोधावा, तो खरोखर सोडून दिलेला आहे याची खात्री करावी, त्याची टिपण घ्यावी आणि मग तेवढाच व्यवहार रद्द करावा. वाट पाहण्याला कालमर्यादाही असावी. मायएसक्यूएलच्या इनोडीबी यंत्रणेत ती मुळात ५० सेकंदांची असते.

दोष उशिरा का दिसतो?

एकच माणूस काम करीत असताना असे दोष दिसत नाहीत. गर्दीत व विशिष्ट क्षण जुळल्यावरच ते प्रकटतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्यास अनेक कारणे होती. त्यांपैकी एक असे की, ओहायोतील एका नियंत्रण कक्षात दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच माहितीवर लिहिल्याने धोक्याची सूचना देणारी आज्ञावली ठप्प झाली आणि तासाभराहून अधिक काळ कोणालाही ते कळले नाही. म्हणूनच नवी प्रणाली स्वीकारताना अनेकांनी एकाच वेळी एकाच नोंदीवर काम करून तिची चाचणी घेणे अगत्याचे आहे.

कार्यालयातील दक्षता

नोंद उघडण्यापूर्वी कागदपत्रे हाताशी ठेवावीत आणि काम सलग पुरे करावे. पडदा थांबल्यास तीच कळ पुनःपुन्हा दाबू नये. नोंद झाली की नाही हे आधी तपासावे, अन्यथा एकच भरणा दोनदा नोंदला जाण्याचा संभव असतो. प्रत्येक अर्जाला स्वतंत्र क्रमांक असल्यास प्रणालीलाच दुबार नोंद नाकारता येते. अडचण कळविताना वेळ, गट क्रमांक आणि पडद्यावरील संदेश जसाच्या तसा कळवावा.

ताटकळणाऱ्या नागरिकाला हे कुलूप अडथळा वाटते. प्रत्यक्षात ते त्याच्याच हक्काच्या नोंदीचे रक्षण करीत असते. ते तोडण्यापेक्षा कोणी लावले व का राहिले याचा शोध घेणे, हाच त्यावरील खरा उपाय होय.