विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला नुसती कडक स्प्रिंग का पुरत नाही?

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची कार १९८९ मध्ये आली. सुरुवातीच्या गाड्यांनी आता तिशी ओलांडली आहे. जेमतेम टनभर वजन आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, त्यामुळे वळणावर ती चपळ. मात्र वय झाले की गाडी डुलू लागते आणि मालक कडक, आखूड स्प्रिंग शोधू लागतो. चूक इथेच होते.

स्प्रिंग वजन पेलते, धक्का साठवते आणि परत फेकते. ही उसळी आवरण्याचे काम डॅम्परचे, म्हणजे आपल्याकडच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि ऊर्जेची उष्णता होते. स्प्रिंग कडक केली, पण डॅम्पर जुनाच ठेवला, तर खडबडीत वळणावर टायर क्षणभर रस्ता सोडतो. पावसात घसरायला तेवढा क्षण पुरतो.

गाडी किती खाली आणावी?

या गाडीत चाकाला वर जायला मुळातच जागा थोडी. फार खाली आणली, की सस्पेन्शन सारखे बम्पस्टॉपवर आदळते. मग महागडी स्प्रिंगही निरुपयोगी. जुनी स्प्रिंग कापून आखूड करणे तर त्याहून वाईट.

खरे तर आधी रबरी बुश तपासावेत. ते तडकलेले असतील, तर नव्या भागांचा फरक जाणवतच नाही. रोजच्या वापराला मूळ ताकदीच्या जवळपासची स्प्रिंग आणि रिबाउंड कमी-जास्त करता येणारे डॅम्पर बरे. ट्रॅकवर जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट मात्र दोघांनाही करावेच लागते, कारण उंचीबरोबर चाकांचे कोनही बदललेले असतात.