‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून घरी आलेल्या बाईला भेटायला येणारे बहुतेकजण एकच विचारतात, “आता सगळं बरं आहे ना?” उत्तरही ठरलेलं असतं, “हो, बरं आहे.” शस्त्रक्रियेनंतर हाताचे व्यायाम शिकवणं हे माझं काम. हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्या दोन शब्दांत काय काय दडलेलं असतं याचा शोध घ्यावासा वाटू लागला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचं निदान झालं. त्यांतल्या अनेकजणी पुढे वर्षानुवर्षं जगतात. त्या कशा जगतात, हा प्रश्न वैद्यकाने विचारला, पण बराच उशिरा.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले शल्यविशारद विल्यम हालस्टेड यांनी १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. तीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या जात. रोग मुळासकट उपटायचा, हा त्यामागचा विचार. बाईच्या छातीत खळगा पडे, हात सुजून जड होई, खांदा आखडे. जीव वाचवण्याची ही किंमत आहे, असं मानून पाऊणशे वर्षं ही पद्धत चालू राहिली. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी तुलनात्मक चाचण्या हाती घेतल्या. फिशर यांच्या चाचणीत १८५१ स्त्रिया होत्या, वेरोनेसी यांच्या चाचणीत ७०१. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ लहान असेल, तर स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया व रेडिएशन घेतलेल्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक नव्हता. अनेकींनी जे गमावलं, ते गमावण्याची गरज नव्हती.

आयुष्याची वर्षं मोजता येतात. त्या वर्षांचा कस कसा मोजायचा? त्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. युरोपातल्या कर्करोग संशोधकांच्या संघटनेने १९९३ साली तीस प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९९६ साली खास स्तनाच्या कर्करोगासाठी तेवीस प्रश्नांची ‘बीआर२३’ तिला जोडली. बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात आणि उत्तरं ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पायऱ्यांची. त्यांवरून शून्य ते शंभर असे गुण काढतात. थकवा, झोप, भूक, वेदना आणि पैशांची ओढाताण तर विचारतातच. शिवाय हात वर उचलता येतो का, केस गेल्याचं दुःख किती, स्वतःचं शरीर आरशात पाहवतं का, शरीरसंबंधांचं काय, पुढे काय होईल याची धास्ती किती, हेही विचारतात.

यातला प्रत्येक प्रश्न एखाद्या ठोस कारणातून आला आहे. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातला लसिकाद्रव वाहून जायची वाट अरुंद होते आणि हाताला सूज येऊ शकते. ती काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही. संप्रेरकांवरची औषधं पाच-पाच वर्षं, कधी त्याहून अधिक घ्यावी लागतात. त्यांनी अंगातून वाफा निघतात किंवा सांधे दुखतात. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे अनेकींची मुलं तेव्हा शाळेत असतात आणि पाळी अकाली थांबण्याचा प्रश्नही उभा राहतो. मुंबईबाहेरून टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना राहायची सोयही शोधावी लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी जागा मिळाली तर नशीब. परळच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबंही असतात. औषधं फुकट मिळाली, तरी बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

पण प्रश्न छापले म्हणजे उत्तर मिळालंच, असं नाही. शेजारी सासूबाई किंवा नवरा बसलेला असेल, तर शरीरसंबंधांच्या प्रश्नावर बाई मान खाली घालते आणि ‘पैशांची अडचण’ या प्रश्नावर “नाही” म्हणते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘बीआर२३’ घडवणाऱ्यांत अग्रभागी असलेल्या डच संशोधक मिर्यम स्प्रँगर्स यांनी अमेरिकन संशोधक कॅरोलिन श्वार्ट्झ यांच्यासह १९९९ साली तिची मांडणी केली. आजारानंतर माणसाची मोजपट्टीच बदलते. पूर्वी जो त्रास मोठा वाटला असता, तो आता क्षुल्लक वाटतो. त्यामुळे गुण चांगले आले, तर दोन शक्यता उरतात. बाई खरोखर सावरली असेल, किंवा तिने अपेक्षाच कमी केली असेल.

पहिली शक्यता खरी असते, हे मी पाहिलं आहे. आजारानंतर कामाला लागलेल्या, घरात स्वतःचं मत मांडू लागलेल्या बायका मला भेटल्या आहेत. पण दुसरी शक्यता आपल्या घरांत सहज नजरेआड होते, कारण बाईने सोसणं हे इथे नवीन नाही. सुजलेल्या हाताने पाण्याची कळशी उचलणारी बाई “बरं आहे” म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते; तिने स्वतःला तेवढंच मागण्याची मुभा दिलेली असते.

म्हणून मी आता ‘बरं आहे का’ असं विचारत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का? वेणी स्वतःची स्वतः घालता येते का? दुखऱ्या बाजूला वळून झोप लागते का? कणीक कोण मळतं? आणि या गोष्टी विचारताना खोलीत दुसरं कोणी नसेल, एवढं पाहते. अशा प्रश्नांची उत्तरं “बरं आहे”मध्ये उरकता येत नाहीत. कणकेच्या प्रश्नावर काहीजणी हसतात, काहीजणी गप्प होतात. मग हाताची सूज किती दिवसांची आहे, ते सांगतात. सूज लवकर कळली, तर पट्ट्या, विशिष्ट बाही आणि व्यायाम यांनी ती आवाक्यात ठेवता येते. फार उशिरा कळली, तर हात आयुष्यभर जड राहू शकतो. विचारण्याचा उपयोग इतका सरळ आहे, आणि त्यासाठी ना यंत्र लागतं, ना फार पैसे.