इंटरनेटवरचा दूरध्वनी : कुलूप आणि दाखला

आमच्या संस्थेतील दूरध्वनी आता स्वतंत्र तारांवरून नव्हे, तर संगणकांच्याच जाळ्यावरून चालतात. एका पावसाळी रात्री वीज गेली. सकाळी ती परत आली, पण एकही दूरध्वनी लागेना. तारा ठीक होत्या. एक्स्चेंजचे काम करणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, तोही ठीक होता. मग बिघाड कोठे? दूरध्वनीच्या छोट्या पडद्यावर तारीख दिसत होती : १ जानेवारी १९७०! तारखेचा आणि बोलण्याचा संबंध काय? तो समजण्यासाठी आपण आधी आवाजाचा प्रवास पाहू.

बोलण्यातील ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पोचला तरी शब्द नीट समजतात. म्हणून दूरध्वनीत ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. १९७२ साली प्रमाण ठरलेल्या या पद्धतीला जी.७११ म्हणतात. आकडे लिहिण्याच्या अशा पद्धतीला 'कोडेक' हे नाव आहे. दोन्ही टोकांना एकच कोडेक ठरवावा लागतो. नाहीतर एकाने मोडीत लिहायचे आणि दुसऱ्याने ते बाळबोध समजून वाचायचे, असा प्रकार होतो.

हे आकडे सलग जात नाहीत. साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे, म्हणजे १६० बाइटांचे, एक पाकीट करतात. त्यावर पत्ता, क्रमांक इत्यादींचे ४० बाइट चढतात. सेकंदाला अशी ५० पाकिटे निघतात. गणित करून पाहा : २०० × ८ × ५० = ८०,००० बिट. जी.७२९ हा काटकसरी कोडेक वापरला तर आवाज २० बाइटांत मावतो. पण पत्त्याचे ४० बाइट तेवढेच राहतात. त्यामुळे आवाज एक अष्टमांश झाला, तरी एकूण भार २४,००० बिटांपर्यंतच उतरतो. पाकीट लहान आणि पत्ता मोठा, असे हे होते!

पाकिटे एकसारख्या अंतराने पोचत नाहीत. म्हणून दूरध्वनी ती क्षणभर साठवून मग वाजवतो. हा साठा फार लहान ठेवला तर आवाज तुटतो. फार मोठा ठेवला तर उत्तर उशिरा येते आणि दोघेही एकदम बोलू लागतात. एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा संकेत आहे.

आता खरा प्रश्न. ही पाकिटे वाटेत ज्याच्या हाती लागतील तो ती जुळवून आपले बोलणे ऐकू शकतो. म्हणून कुलूप हवे; आणि येथे एक नव्हे, दोन कुलपे लागतात. कोणी कोणाला फोन केला, घंटा वाजली, उचलला, हे निरोप एका वाटेने जातात. त्यांचे कुलूप म्हणजे टीएलएस. प्रत्यक्ष आवाज निराळ्या वाटेने जातो. त्याचे कुलूप एसआरटीपी. ते २००४ साली प्रमाण झाले. पहिले लावले म्हणजे दुसरे आपोआप लागते असे नाही. पुष्कळ ठिकाणी पहिले लावून लोक निश्चिंत होतात आणि आवाज मात्र उघडाच जातो. उलट फक्त दुसरे लावले तर? प्रचलित मांडणीत आवाजाच्या कुलपाची किल्ली निरोपांतूनच पाठवतात. निरोप उघडे असतील तर किल्ली दारालाच टांगल्यासारखी होते. या दुसऱ्या कुलपाची किंमत तरी किती? दर पाकिटामागे सामान्यतः १० बाइट, जी.७११ च्या २०० बाइटांवर अवघे ५ टक्के.

अशा मांडणीत किल्ली सर्व्हरला कळतेच. मग हा सर्व्हर खरा कशावरून? त्यासाठी त्याच्याजवळ दाखला असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही असते. तसे येथे सर्व्हरचे नाव, त्याची जाहीर किल्ली, मुदत आणि दाखला देणाऱ्याची सांकेतिक सही असते. दाखल्याची नक्कल कोणीही करील; पण जाहीर किल्लीची जोडीदार गुप्त किल्ली फक्त खऱ्या सर्व्हरजवळ असते. ती जवळ असल्याचे त्याला सिद्ध करून दाखवावे लागते.

आमचा बिघाड आता उलगडेल. अनेक संगणकी यंत्रे काळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात. वीज गेल्यावर दूरध्वनींची घड्याळे तेथेच परत गेली. त्या हिशेबाने सर्व्हरच्या दाखल्याची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. म्हणून त्यांनी तो नाकारला. दूरध्वनी चुकले नव्हते, त्यांचे घड्याळ चुकले होते.

'दाखला तपासू नये' अशी एक सोय दूरध्वनीत होती. ती वापरली असती तर मिनिटभरात घंटा वाजू लागल्या असत्या, आणि तो मोह आम्हांला झालाही. पण मग वाटेत बसलेल्या कोणत्याही तोतयाला सर्व्हर म्हणून मिरवता आले असते. कुलूप मजबूत, पण किल्ली चोराच्याच हाती! आम्ही दूरध्वनींना अचूक वेळ देणाऱ्या संगणकाचा पत्ता भरला. घड्याळे सुधारली आणि दूरध्वनी बोलू लागले.

वर्गात हे खेळून दाखवता येईल. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याकडे उघडे कुलूप पाठवावे. दुसऱ्याने पेटीत चिठ्ठी ठेवून ते लावावे आणि पेटी परत पाठवावी. मधल्या 'पोस्टमन'ला मात्र गुपचूप स्वतःचे कुलूप द्यावे. तो कुलूप बदलतो, चिठ्ठी वाचतो, खरे कुलूप लावून पेटी पुढे देतो, आणि कोणालाच पत्ता लागत नाही. मग कुलपावर शिक्षकांच्या सहीचा कागद चिकटवून खेळ पुन्हा खेळावा. दाखला कशासाठी लागतो, हे मुलेच सांगतील.