रेडिओपाशी बसलेला शेजारी

दूरशिक्षणाची वाट : लेखांक ६

गेल्या आठवड्यात टपालाने चालणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी लिहिलं. टपालाने शिकायचं तर आधी वाचता यायला हवं, आणि ज्यांना नवं कौशल्य शिकण्याची सर्वांत जास्त गरज त्यांचंच घोडं नेमकं तिथे अडतं. हा अडसर रेडिओने ओलांडला. पण रेडिओची गोष्ट सांगताना आपण ट्रान्समीटर, केंद्र, निवेदक यांच्यातच रमतो. माझ्या मते ती गोष्ट घडली दुसऱ्या टोकाला, जिथे रेडिओसंच ठेवलेला होता त्या घरात.

१९४७ साली होसे होआकिन साल्सेदो नावाचा सव्विशीतला पाद्री कोलंबियातल्या सुतातेन्सा या डोंगरी गावात आला. गाव बोयाका प्रांतातलं, अँडीजच्या रांगांमधलं. आजूबाजूला लहान तुकड्यांवर शेती करणारी, लांब लांब विखुरलेली कुटुंबं. बहुतेकांना अक्षरओळख नाही. साल्सेदोला हौशी रेडिओचा नाद होता आणि सिनेमा दाखवायचीही आवड. गावात सभागृह बांधायचं ठरलं, पण पैसा कुणाकडेच नव्हता. मग त्याने लोकांकडे कोंबड्या मागितल्या. सुमारे १,४०० कोंबड्या जमल्या आणि त्या विकून कामाला सुरुवात झाली. त्याच वर्षी घरगुती बनावटीच्या ट्रान्समीटरवरून पहिलं प्रक्षेपण झालं. पुढे याच खटाटोपातून ‘आक्सिओन कुल्तुराल पोपुलार’ ही संस्था आणि ‘रादिओ सुतातेन्सा’ हे केंद्र उभं राहिलं.

धडा कसा चालायचा ते पाहण्यासारखं आहे. एखाद्या घरात बॅटरीवरचा रेडिओ. या संचांवर सुतातेन्साखेरीज दुसरं केंद्र लागतच नसे. (फुकट टॅब द्यायचा आणि त्यात एकच ॲप ठेवायचं, ही युक्ती आजची नव्हे. पाद्रीबाबांनी सोय पाहिली की लोकांच्या कानांवर ताबा ठेवला, हा वाद तेव्हाही होता.) रेडिओभोवती घरातली आणि शेजारपाजारची चार-दोन माणसं. भिंतीला फळा, हातात चित्रांची पुस्तिका. रेडिओवरचा शिक्षक एखादं अक्षर सांगायचा. ते फळ्यावर लिहून दाखवणं, पुस्तिकेतलं नेमकं पान उघडून देणं, चुकलेल्याचा हात धरून गिरवून घेणं ही कामं तिथला मदतनीस करायचा. हा मदतनीस पदवीधर नव्हता. जेमतेम लिहिता-वाचता येणारा त्याच वस्तीतला शेजारी, कधी घरातलीच थोरली मुलगी. शिक्षकाला समोरचा वर्ग दिसत नाही ही रेडिओची मोठी उणीव. ती भरून काढायला यंत्राची सुधारणा लागली नाही, माणूस लागला.

अभ्यासक्रमही निव्वळ साक्षरतेचा नव्हता. आरोग्य, अक्षर, अंक, अर्थकारण आणि काम, अध्यात्म अशी पाच अंगं त्यात होती. कंपोस्ट खताचा खड्डा, संडास, झाडं लावणं, घराची डागडुजी हे विषय धड्यांत यायचे आणि पुढे मोहिमा होऊन वस्त्यांवर उतरायचे. खड्डा कसा खणायचा हे कानाने ऐकून समजतं, पण तो खणला जातो शेजाऱ्याने खणल्यावर. शिकलेली माणसं केंद्राला पत्रं लिहायची. अशी बारा लाखांहून जास्त पत्रं तिथे आली. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यातलं पहिलं पत्र रेडिओकेंद्राला लिहिलं असणार. पुढे टीव्ही आला, माणसं शहरांकडे गेली, बाहेरून येणारा पैसा आटला. कुटुंबनियोजनासारख्या विषयांवर चर्चच्या वरिष्ठांशीही खटके उडाले. अखेर १९८९ मध्ये रादिओ सुतातेन्साची केंद्रं काराकोल या व्यापारी रेडिओ कंपनीकडे गेली.

सुतातेन्साच्या पहिल्या दशकातच हाच धडा आपल्याकडेही गिरवला गेला, आणि तो जगाच्या अभ्यासात पुण्याच्या नावाने नोंदला गेला आहे. आपल्याला मात्र त्याचा पत्ता नसतो. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे श्रोतागट होते: वाचा, ऐका, चर्चा करा, करून पाहा, अशी त्यांची रीत. तीच रीत युनेस्कोच्या मदतीने १९५६ मध्ये आकाशवाणीने पुणे केंद्रावरून आजमावली. पुणे केंद्र तेव्हा अवघं तीन वर्षांचं. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा या जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली गेली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम मराठीतून झाले. गावातली वीसेक माणसं श्रोतामंडळ करून, एकत्र बसून ते ऐकायची. रेडिओ बंद झाला की खरी बैठक सुरू व्हायची: हे आपल्या रानात जमेल का, पैसे कुठून आणायचे, आधी कोण करून बघणार? मंडळाचा चिटणीस चर्चेचा अहवाल आणि अडलेले प्रश्न लिहून पुण्याला धाडायचा, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. संयोजक गावोगाव फिरून मंडळांची विचारपूस करत.

प्रयोग कितपत साधला हे तपासायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने ते केलं. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती. मंडळं नसलेल्या गावांत फरक नगण्य होता, आणि त्यांतल्या काही गावांत तर रेडिओ होता. म्हणजे आवाज तोच, कार्यक्रम तेच. फक्त भोवती बसणारं मंडळ नव्हतं. दूरशिक्षणावर आजवर जे वाचलं त्यात इतका स्वच्छ निष्कर्ष मला क्वचितच सापडला.

१९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. मंडळांचे आकडे हजारांत गेले आणि गाडी रुळावरून घसरली. प्रयोगात मंडळांकडे लक्ष द्यायला वेगळी माणसं होती. विस्तारात ते काम आधीच दहा कामांखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात पडलं. मंडळं कागदावर राहिली. सरकारी योजनांचं हे दुखणं वाचकांना नव्याने सांगायला नको.

ज्यांनी माणसांचा हिशेब आधी केला त्यांचं काय झालं? टांझानियाने १९७३ मध्ये ‘म्तू नी आफ्या’ ही बारा आठवड्यांची आरोग्य-मोहीम रेडिओवरून चालवली. ती सुरू करण्याआधी सुमारे ७५ हजार गटप्रमुख तयार केले. सुमारे वीस लाख लोक गटांत बसले, आणि ऐकून उठल्यावर संडासाचे खड्डे खणले, डासांची डबकी बुजवली.

आता रेडिओची जागा मोबाइलने घेतली आहे. नामवंत विद्यापीठांचे फुकट अभ्यासक्रम कुणालाही मिळतात, पण नाव नोंदवणाऱ्यांतले फार थोडे शेवटपर्यंत टिकतात. उलट, तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या संस्थेच्या कार्यक्रमातून शेळीपालन करणाऱ्या बायकांना साध्या फोनवर आवाजी धडे मिळाले. त्या बायका आधीच बचतगटांत बांधलेल्या होत्या आणि बँकेचं कर्जही जोडीला होतं. शेळी आजारी पडली तर धडा पुन्हा ऐकायचा की शेजारणीला विचारायचं, असा पेच तिथे नव्हता. दोन्ही हाताशी होतं. कौशल्य-विकासाच्या योजनांमध्ये सर्व्हर, स्टुडिओ, ॲप यांवर घसघशीत तरतूद दिसते. गटात बसून धडा गिरवून घेणाऱ्याला मानधन किती, हे मात्र शोधावं लागतं. माझ्या दृष्टीने योजना टिकेल की नाही हे त्या एका आकड्यावरून कळतं.

पुढच्या लेखांकात नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि त्याची अभ्यासकेंद्रं पाहू. तोवर एक विनंती: १९५६ च्या त्या पाच जिल्ह्यांतलं आपलं गाव असेल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना रेडिओभोवतीची ती मंडळं आठवत असतील, एखादी अहवालाची वही माळ्यावर पडून असेल, तर जरूर कळवा.